दृश्य अवतरण आणि उंचीची मर्यादा (अंधांच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये)

धावपट्टी डोळ्यांनी पाहत विमान उतरवणे म्हणजे ‘व्हिज्युअल अप्रोच’. अमेरिकेत त्यासाठी विमानतळावर ढगांचा तळ किमान १,००० फूट आणि दृश्यमानता ३ मैल लागते. संगणकावर विमान चालवणाऱ्या अंध वैमानिकाला निरभ्र आकाशाचाही उपयोग नाही. त्याची धावपट्टी आकड्यांची.

हे आकडे कानांनी येतात. मायक्रोसॉफ्टच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’मधली (२००६) उंची, वेग, दिशा ‘एफएसयूआयपीसी’ हे पूरक सॉफ्टवेअर इतर प्रोग्रॅमना पुरवते आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा ‘स्क्रीन रीडर’ ती बोलून दाखवतो. ३ अंशांच्या उतारावर दर सागरी मैलाला सुमारे ३२० फूट खाली यायचे, म्हणजे धावपट्टीपासून ३ सागरी मैलांवर साधारण १,००० फूट. ५०० फुटांपर्यंत वेग आणि उतार स्थिरावला नाही, तर पुन्हा वर जायचे. खऱ्या विमानांतलाही रिवाज हाच.

मेख निराळीच आहे. अल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो आणि डेन्व्हरचा विमानतळच सुमारे ५,४०० फुटांवर! तिथे ‘५,९००’ ऐकणारा जमिनीपासून जेमतेम ५०० फूट वर असतो. रेडिओ अल्टिमीटर खालची जमीन मोजतो खरा, पण साधारण २,५०० फुटांखाली आल्यावरच.

न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळाचा ‘एक्सप्रेसवे व्हिज्युअल’ हा अवतरणमार्ग तर महामार्ग पाहून वळायला सांगतो. अंध वैमानिकाला ती वळणे अक्षांश-रेखांशांच्या बिंदूंत आधीच बसवून घ्यावी लागतात.