न सांगितलेल्या दुखण्यावर फिजिओथेरपी

खोकताना, शिंकताना किंवा वजन उचलताना नकळत लघवी होण्याचा त्रास बाळंतपणानंतर, तसेच रजोनिवृत्तीच्या काळात अनेक स्त्रियांना होतो. ‘वयोमानाने असे व्हायचेच’ या समजुतीपायी तो वर्षानुवर्षे लपविला जातो. वास्तविक, त्यावर उपचार करणारी फिजिओथेरपीची स्वतंत्र शाखा आहे.

मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना खालून आधार देणाऱ्या स्नायूंच्या पडद्याला पेल्व्हिक फ्लोअर म्हणतात. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामाविषयी लिहिले. मात्र केवळ तोंडी सूचनेवरून अनेक जणी स्नायू वर ओढण्याऐवजी खाली जोर देतात. त्याने त्रास वाढू शकतो. म्हणूनच फिजिओथेरपिस्ट आधी सविस्तर विचारपूस करते, लघवीच्या वेळांची नोंद ठेवायला सांगते आणि रुग्णाची संमती घेऊन आतून तपासणी करते. स्नायू आखडलेले असल्यास ते सैल सोडण्यास प्रथम शिकवावे लागते. अन्यथा दिवसातून ३ वेळा, प्रत्येकी किमान ८ आकुंचने, असा व्यायाम निदान ३ महिने करावा लागतो. लघवीतून रक्त जात असल्यास मात्र आधी डॉक्टरांकडेच जावे.

या कामासाठी फिजिओथेरपीच्या पदवीनंतर विशेष प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याहून अवघड असते ते रुग्णाचा संकोच दूर करणे.