कमरेचा वळ

परकराच्या नाडीचा काळा वळ आपल्या कितीतरी जणींच्या कमरेवर असतो. त्यालाही इतिहास आहे.

१९४५ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयातले डॉ. खानोलकर आणि सहकाऱ्यांनी पुरुषांमधला ‘धोतराचा कॅन्सर’ नोंदवला. पुढे तो साडी नेसणाऱ्या बायकांतही दिसला. २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोघींची हकिकत छापली. सत्तरीच्या बाईंची कमरेवरची जखम दीड वर्ष भरली नव्हती. तपासणीत त्वचेचा कॅन्सर निघाला. दुसरी चाळीस वर्षं घट्ट लुगडं नेसणारी.

साडी सोडायची नाही. नाडी रुंद, गाठ सैल ठेवा. जखम लाजेनं झाकू नका, डॉक्टरांना दाखवा. गटाच्या बैठकीत बचतीसोबत आम्ही आता हेही विचारतो: बाई, कमरेची जखम भरली का?