लेदरच्या सीटखालची कॅव्हलियर

गाडी बघायला शोरूममध्ये गेलं की आधी हातात माहितीपत्रक पडतं. एकाच गाडीची चार-पाच व्हेरियंट्स, आणि बेसकडून टॉपकडे जावं तशा वाढत जाणाऱ्या टिकमार्कांच्या रांगा. सनरूफ, लेदर, मोठा स्क्रीन. तो तक्ता वाचताना मला हटकून कॅडिलॅकची सिमरॉन आठवते. (राजच्या सिमरनशी संबंध नाही.)

१९७९च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत लांबरुंद गाड्या जड जाऊ लागल्या होत्या. मायलेजची सरासरी वाढवण्याचं सरकारी बंधनही होतंच. शिवाय कमावती तरुण मंडळी बीएमडब्ल्यूच्या ‘३ सीरिज’कडे वळत होती. कॅडिलॅकला छोटी गाडी हवी होती, तीही ताबडतोब. जनरल मोटर्सकडे ‘जे’ नावाचा सांगाडा तयार होता. शेवरले कॅव्हलियर त्याच्यावरच बेतलेली. कॅडिलॅकने तोच उचलला आणि १९८१मध्ये त्यावर सिमरॉन आणली.

तक्त्यात ती कुठेच कमी नव्हती. लेदरच्या सीट्स, एसी, टॅकोमीटर, अलॉय व्हील्स असं सगळं किमतीतच. किंमत मात्र १२ हजार डॉलरच्या वर, म्हणजे साध्यातल्या साध्या कॅव्हलियरच्या जवळपास दुप्पट. आणि बॉनेटखाली? कॅव्हलियरचंच १.८ लिटरचं, ८८ अश्वशक्तीचं इंजिन. दारं तीच, छताची रेषा तीच. कंपनीलाही धाकधूक असावी, कारण सुरुवातीला जाहिरातीत नाव होतं ‘सिमरॉन, कॅडिलॅककडून’. पोटच्या पोराची ओळख ‘आमच्याकडे राहतो’ अशी करून द्यावी, तसं.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८२मध्ये, मर्सिडीजने आपली छोटी सेडान आणली, ती १९०. तिचं जर्मनीतलं साधं मॉडेल बघाल तर टिकमार्कांच्या बाबतीत कफल्लक. काचा हाताने फिरवून खाली घ्यायच्या, उजवीकडचा आरसा हवा तर वेगळे पैसे मोजा. पण मागच्या प्रत्येक चाकाला पाच दांड्यांनी तोलून धरणारं नवं सस्पेन्शन अगदी बेस गाडीतही होतं. जे पुढे कुठल्याही पॅकेजमध्ये मिळू शकत नाही, ते त्यांनी आधी दिलं. मला विचाराल तर लक्झरी हीच. लेदर काय, चांगला कारागीर आठवड्याभरात चढवून देतो.

१९९३पर्यंत १९० सुमारे १८ लाख ८० हजार बनल्या. सिमरॉनला १९८५मध्ये व्ही-६ इंजिन मिळालं, नंतर डिजिटल मीटरही. पण १९८८मध्ये ती बंद पडली तेव्हा आकडा १ लाख ३२ हजारांच्या आसपास होता. ‘३ सीरिज’शी थेट झुंजायला कॅडिलॅकने स्वतंत्र, मागच्या चाकांवर चालणारा नवा सांगाडा बनवून एटीएस आणली, ती थेट २०१२मध्ये.