नामशेष : लुप्त प्राण्यांचे भय आणि मराठी कल्पनाविश्व

नष्ट झालेला प्राणी पुन्हा जगात येतो आणि येताना संकट किंवा रोग घेऊन येतो, हे आशयसूत्र पाश्चात्त्य विज्ञानकथेत चांगलेच रुळलेले आहे. मायकेल क्रायटन यांची 'ज्युरासिक पार्क' ही कादंबरी १९९० मध्ये आली आणि १९९३ मधील चित्रपटाने ती जगभर पोचवली. तिच्यामुळे या सूत्राला प्रयोगशाळेचे आणि जनुकशास्त्राचे अधिष्ठान लाभले. या आशयसूत्राला एक तात्त्विक पूर्वअट आहे. एखादी जाती कायमची संपू शकते, ही कल्पना आधी मान्य व्हावी लागते. जॉर्ज क्युव्हिए यांनी १७९६ मध्ये हत्तींच्या जीवाश्मांची तुलना जिवंत हत्तींशी करून ती ठामपणे मांडली. जे कायमचे संपले आहे, तेच परत आले तर भय निर्माण होते. म्हणजे हे भय एकरेषीय काळाच्या जाणिवेतून जन्मलेले आहे.

अलीकडच्या काही घटनांनी या भयाला शास्त्राचा आधार मिळाल्यासारखे वाटते. सायबेरियातील गोठलेल्या जमिनीत सुमारे ३०,००० वर्षे पडून असलेला एक महाकाय विषाणू २०१४ मध्ये प्रयोगशाळेत पुन्हा क्रियाशील झाला. तो केवळ अमीबाला बाधतो. २०१६ च्या उन्हाळ्यात यामल द्वीपकल्पात अँथ्रॅक्सची साथ येऊन दोन हजारांहून अधिक रेनडिअर मेले आणि एक मुलगा दगावला. बर्फ वितळल्याने उघडे पडलेले जुने जंतू हे तिचे कारण मानले गेले. मात्र त्या भागातील रेनडिअरांचे लसीकरण २००७ मध्ये थांबवण्यात आले होते. जंतू जुने असले तरी त्यांना वाट मिळाली ती वर्तमानातील एका निर्णयामुळे. ही बाब भयकथेत सहसा गाळली जाते, आणि प्रस्तुत विवेचनाचा प्रारंभ तेथूनच होतो.

या आशयसूत्राला महाराष्ट्रात स्थळ शोधायचे झाल्यास पुण्याच्या पश्चिमेकडील हिंजवडीचे नाव सहज सुचेल. मुळशी तालुक्यातील या शेतीच्या गावाच्या जमिनी औद्योगिक विकास महामंडळाने घेतल्या आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे माहिती-तंत्रज्ञानाच्या इमारती उभ्या राहिल्या. पुढे दुसऱ्या टप्प्यात जैवतंत्रज्ञानाचे उद्यानही आले. कथाकाराला हवी असलेली काचेची, बंदिस्त, जनुकांची संहिता वाचणारी प्रयोगशाळा येथे प्रत्यक्षात आहे. परंतु येथील इतिहास या आशयसूत्राला दुजोरा देतो का, हा खरा प्रश्न आहे.

मराठी विज्ञानकथेची परंपरा लक्षात घेतली, तर लुप्त प्राण्याच्या पुनरागमनाचे भय तिच्या केंद्रस्थानी आढळत नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेतून जयंत नारळीकर पुढे आले आणि या वाङ्मयप्रकाराला प्रतिष्ठा मिळाली. त्यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत जमिनीखालून वर येते ते नष्ट झालेल्या प्रगत संस्कृतीचे ज्ञान, आणि त्यातून घडतो यंत्रमानव. येथे गतकाळ परत येतो, धोकाही घेऊन येतो. पण येणारे श्वापद नसते, विद्या असते. शिवाय तिला दिलेले नाव अवताराचे आहे. मत्स्य, कूर्म, वराह अशा पशुरूपांना युगायुगांच्या आवर्तनात स्थान देणाऱ्या परंपरेत प्राण्याचे परतणे हे मुळात अघटित ठरत नाही. त्यामुळे त्यातून भयाचा रूपबंध तयार झाला नसावा, असे अनुमान करता येते.

मग रोगाचे भय या समाजाने कोठे ठेवले? त्याचे उत्तर काळात सापडत नाही. ते अवकाशात, गावाच्या शिवेवर सापडते. मरीआईचा गाडा गावाबाहेर शिवेपलीकडे नेऊन सोडण्याच्या प्रथेत रोग हा बाहेरून आलेला आणि बाहेर घालवता येणारा मानला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि १८९७ च्या आरंभी तो पुण्यात भडकला. घरात उंदीर पडणे ही त्याची खूण ठरली. मात्र पुण्याच्या स्मृतीत अधिक खोल रुतले ते घरात शिरणारे गोरे सोजीर. १० मार्च १८९७ रोजी रुग्णसेवा करताना प्लेगची लागण होऊन सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एच. जी. वेल्स यांची मंगळावरील आक्रमकांची कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होत होती. तिच्यात सूक्ष्म जंतू आक्रमकांना मारून साम्राज्याच्या राजधानीला वाचवतात. पुण्यात नेमके उलटे घडत होते : जंतूंच्या निमित्ताने सत्ताच घराच्या आतल्या खोलीपर्यंत पोचत होती. रोगाची कथा कोणत्या बाजूने सांगितली जाते, यावर तिच्यातील प्राण्याचा अर्थ ठरतो.

प्लेगच्या पुनरागमनाचा अनुभवही महाराष्ट्राने घेतला आहे. १९६६ नंतर देशात या रोगाचा रुग्ण नोंदला गेला नव्हता. तो संपला असे धरून चालले होते. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी तो पुन्हा दिसला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लोकांनी घरे सोडली, आत साठवलेले धान्य तसेच राहिले आणि उंदीर वाढले, असे त्याचे स्पष्टीकरण त्या वेळी देण्यात आले. येथे 'लुप्त' मानलेले जे परतले, ते कुठल्याही पुराणकालीन गर्तेतून आलेले नव्हते. माणूस, धान्य आणि उंदीर यांच्यातील रोजचा समतोल मोडला, तेव्हा ते वर आले.

या संदर्भात मराठीतील 'नामशेष' ही संज्ञा बारकाईने तपासण्याजोगी आहे. संस्कृतातून आलेल्या या शब्दाचा अर्थ, ज्याचे केवळ नाव उरले आहे ते. 'कीर्तिशेष', 'कथाशेष' हे त्याच घडणीचे शब्द. इंग्रजी संज्ञेच्या मुळाशी ज्योत विझल्याची प्रतिमा आहे. मराठी संज्ञा काय संपले याबरोबरच काय उरले हेही सांगते. वस्तू जाते आणि नाम राहते. हे उरलेले नाम पुढे काय करते, हा वाङ्मयीन चिकित्सेचा विषय आहे. दोन प्राण्यांच्या उदाहरणांनी तो स्पष्ट होतो.

पहिले उदाहरण चित्त्याचे. भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले. परंतु त्याच्या कितीतरी आधीच त्याचे नाव त्याच्यापासून सुटू लागले होते. कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकडून काळवीट धरवण्याची शिकार विसाव्या शतकातही चालू होती आणि त्यासाठी माणसाळवलेले चित्ते सांभाळणारे चित्तेवान होते. देशी चित्ते दुर्मीळ झाल्यावर कोल्हापूर, भावनगर यांसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले. हा इतिहास दिव्यभानुसिंह यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर नोंदवला आहे. म्हणजे दरबारी शिकारीची परंपरा अखंड दिसत होती, तिचे शब्द तेच होते. बदलला होता तो प्राणी. दुसरीकडे बोलीत बिबळ्यालाही अनेकदा 'चित्ता' म्हटले जात राहिले. मूळ धनी गेल्यावर नाव दुसऱ्याच्या अंगावर चढावे, तसे हे झाले.

सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणण्यात आले. लुप्त प्राणी आधुनिक जगात परत आणण्याचा हा भारतातील सर्वांत मोठा प्रयोग. भयकथेच्या नियमाप्रमाणे येथे प्राण्याने माणसांत रोग आणावयास हवा होता. घडले ते विपरीत. दक्षिण गोलार्धाच्या ऋतुचक्राला सरावलेल्या या प्राण्यांच्या अंगावर भारतातील पावसाळ्यात हिवाळ्याची दाट लव होती. गळ्यातील पट्ट्यांखाली जखमा झाल्या, त्यांत अळ्या पडल्या, आणि २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये काही चित्ते रक्तदोषाने दगावले. कुनोच्या आसपासच्या गावांतील कुत्र्यांना लसी टोचाव्या लागल्या, त्या चित्त्यांना त्यांच्यापासून रोग होऊ नये म्हणून. २०१८ मध्ये गीर अरण्यात वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा त्यांच्या नमुन्यांत कुत्र्यांमधील डिस्टेंपरचा विषाणू असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने दाखवून दिले होते. रोगाचा प्रवाह वर्तमानाकडून दुर्मीळ प्राण्याकडे वाहतो. आशयसूत्राने ही दिशा उलटी करून दाखवली आहे.

दुसरे उदाहरण गिधाडाचे. आणि वाङ्मयाच्या दृष्टीने ते अधिक गंभीर आहे. गिधाड अद्याप पूर्णतः नामशेष झालेले नाही, परंतु १९९० च्या दशकाच्या आरंभापासून २००७ पर्यंत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक त्यांच्या मढ्यांतून गिधाडांच्या पोटात जाऊन मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोवर मुंबईच्या डुंगरवाडीवरील पारशी समाजाला अंत्यविधीसाठी सूर्यकिरण एकवटणाऱ्या यंत्रांचा विचार करावा लागला होता. खेड्यांत मढी पडून राहू लागली, त्यांवर भटकी कुत्री वाढली आणि त्यांबरोबर पिसाळलेल्या कुत्र्यांचा धोका वाढला. पाणीही दूषित झाले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांच्या अभ्यासानुसार, पूर्वी गिधाडे विपुल असलेल्या जिल्ह्यांत मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला आणि २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले.

येथे प्राण्याने खरोखरच रोग आणला, पण परत येऊन नव्हे, निघून जाऊन. भयकथेत जे पुनरागमनाचे फलित आहे, ते इतिहासात अभावाचे फलित ठरले.

याच काळात मराठीत गिधाडाचे नाव मात्र पूर्ण तेजात होते. सीतेसाठी पंख गमावणाऱ्या जटायूचे तीर्थ म्हणून इगतपुरी तालुक्यातील टाकेद आजही ओळखले जाते. तरीही आधुनिक मराठीत 'गिधाड' हा लचके तोडणाऱ्या लोभाचा वाचक शब्द झाला. विजय तेंडुलकर यांच्या, १९७० च्या सुमारास रंगभूमीवर आलेल्या 'गिधाडे' या नाटकाने त्या अर्थावर शिक्कामोर्तब केले. त्या नाटकाच्या समीक्षेत हिंसा, कुटुंबसंस्था, लैंगिकता यांची विपुल चर्चा झाली. पक्षी हे केवळ प्रतीक मानले गेले. दलित आत्मकथनांनी मेलेले ढोर ओढण्याचे, सोलण्याचे, वाटून घेण्याचे वास्तव मांडले. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ चे. तेथे मढ्याभोवतीचे जग प्रतीकात्मक नाही. ती जातीने लादलेली स्वच्छतेची व्यवस्था आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाड येथे मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, ते या व्यवस्थेतून बाहेर पडण्यासाठी. माणसाने ते ओझे नाकारणे न्याय्यच होते. पण मढ्यांची विल्हेवाट लावणारा दुसरा घटक, म्हणजे पक्षी, तोही पुढे नाहीसा झाला, तेव्हा ती रिकामी जागा कोणाच्याच लक्षात आली नाही. लोभाचे प्रतीक म्हणून भाषेत वारंवार भेटणारा पक्षी आकाशात उरलेला नाही, हे कळण्यास उशीर लागला. हा उशीर समीक्षेच्या एका सवयीशीही निगडित आहे, ती म्हणजे प्राण्याला नेहमी दुसऱ्या कशाचे तरी चिन्ह म्हणूनच वाचण्याची.

हिंजवडीकडे या प्रकाशात पुन्हा पाहता येते. तेथील जैवतंत्रज्ञान उद्यानातील जेनोव्हा कंपनीने विकसित केलेल्या संदेशवाहक आरएनएवर आधारित कोविडलसीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. जनुकीय संहिता लिहिणारी प्रयोगशाळा येथे श्वापद जन्माला घालत नाही, प्रतिकारशक्ती घडवते. एवढ्यावरून धोका नाही असे मात्र म्हणता येणार नाही. तो आहे प्रयोगशाळेच्या भिंतीबाहेर, जेथे गावाची शीव पुसली गेली, गायराने आक्रसली, कचरा वाढला आणि त्यावर जगणारी कुत्री उरली. भयकथा वाचकाची नजर काचेआडच्या अद्भुत प्राण्याकडे खेचते. त्यामुळे दाराबाहेरचा, सवयीचा आणि म्हणूनच अदृश्य झालेला अभाव नजरेतून सुटतो. या आशयसूत्राचे सामाजिक कार्य नेमके हेच आहे, असे म्हणावे लागते : वर्तमानाच्या दोषाचे खापर ते भूतकाळातील पशूवर फोडते.

जानेवारी २०२४ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने पैदास केंद्रातील गिधाडे महाराष्ट्रातील पेंच आणि ताडोबा येथे आणली. निसर्गात सोडण्याची ही पूर्वतयारी होती. तीही एका अर्थी नामशेष होऊ घातलेल्या प्राण्याला परत आणण्याचीच कृती होय. भयकथेच्या चौकटीत तिला स्थान नाही, कारण येथे परतणारा प्राणी रोग आणत नाही, रोग आवरण्यासाठी येतो. हे पुनरागमन यशस्वी होईल की नाही, हे गुरांना कोणते औषध टोचले जाते यावर अवलंबून राहील. मराठी समीक्षेपुढे राहणारे काम त्याहून लहान, पण तिच्या आवाक्यातले आहे. उरलेल्या नामांच्या मागे वस्तू शिल्लक आहे काय, हे तिने प्रत्येक संहितेपाशी थांबून विचारले पाहिजे. 'गिधाडे' किंवा 'बलुतं' नव्याने वाचताना हा प्रश्न अर्थनिर्णयाच्या बाहेरचा मानता येणार नाही.