आठ कलांचा फरक

पाठ्यपुस्तकात ग्रहाची कक्षा चांगली लांबट काढलेली असते. मुलांना वाटतं, केप्लरला ती दिसलीच असणार! पण मंगळाची कक्षा २० सेंटिमीटर व्यासाची काढून पाहा. वर्तुळापेक्षा ती एक मिलिमीटरनेही चपटी भरत नाही. सूर्य मात्र मध्यापासून जवळजवळ एक सेंटिमीटर बाजूला.

मग सापडली कशी? टायको ब्राहे १६०१ साली प्रागमध्ये वारला आणि त्याची मंगळाची निरीक्षणं केप्लरच्या हाती आली. सगळी नुसत्या डोळ्यांनी घेतलेली. दुर्बीण तेव्हा कुठली? केप्लरने वर्तुळ धरून गणित मांडलं. ते छान जुळत आलं, पण एका पडताळणीत आठ कलांचा फरक राहिला. साठ कलांचा एक अंश. म्हणजे फरक पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या पाव भागाएवढा. टॉलेमीच्या काळी एवढं सहज खपलं असतं. पण टायको एवढा चुकणार नाही, अशी केप्लरची खात्री. तेवढ्यासाठी त्याने जुळत आलेलं गणित मोडलं! (मी इतिहासाचा मास्तर, गणिताशी सख्य बेताचंच, पण हा माणूस मला फार आवडतो.)

पुढे अंडाकृतीही करून पाहिली, मग लंबवर्तुळ. पुस्तक निघालं १६०९ मध्ये. गंमत म्हणजे ज्याला आपण दुसरा नियम म्हणतो, सूर्याजवळ ग्रह वेगाने धावतो तो, त्याला आधी सापडला होता. तिसऱ्याला, म्हणजे प्रदक्षिणेच्या काळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात, १६१८ उजाडलं.