रिकामं पिंप

डोंबिवलीच्या एमआयडीसीलगत एका शेडमध्ये आमचे मामू पिंपं धुवायचे. कारखान्यांतून निघालेली निळी पिंपं तिथं कॉस्टिकच्या पाण्यानं घासली जात आणि घरोघरी पाणी साठवायला विकली जात. कल्याणला आमच्या मोरीतही एक होतं. मामूंचं संरक्षण म्हणजे तोंडाला बांधलेला रुमाल. १९९१ साली मी बी. ए. झालो, तेव्हा पिंपावरचा इंग्रजी कागद दाखवून ते म्हणाले, ‘‘शिकलास ना? वाच बघू.’’ मी घडाघडा वाचलं. अर्थ मात्र एकाही शब्दाचा सांगता आला नाही.

खरं तर तो अर्थ सांगण्याची जबाबदारी कायद्यानं तोवर मालकावर टाकली होती. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायू सुटला. हजारो माणसं गेली. आपण कशाशेजारी राहतो, हेच वस्तीला ठाऊक नव्हतं. त्या धड्यातून १९८७ मध्ये कारखाने अधिनियम सुधारला. धोक्याची माहिती, सुरक्षेचं प्रशिक्षण, प्रकृतीची नोंद या गोष्टी कामगाराचा हक्क ठरल्या. १९८९ मध्ये घातक कचऱ्याचे नियम आले. पण मामूंच्या शेडमध्ये माणसं सहा. दहांहून कमी माणसांची शेड सहसा ‘कारखाना’ ठरतच नसे. हक्क फाटकाबाहेरच राहिला.

नुसती साधनं वाटूनही भागत नाही. कापडी रुमाल फार तर थोडी धूळ अडवतो, वाफ नाही. वाफेसाठी योग्य गाळणीचा मुखवटा लागतो आणि ती गाळणी वेळच्या वेळी बदलावी लागते. प्रत्येक हातमोजा प्रत्येक रसायनाला पुरत नाही. रिकाम्या पिंपातली उरलेली वाफ गॅस कटरच्या ठिणगीनं स्फोट घडवू शकते. हे आधी सांगावं लागतं आणि कामगाराला कळेल अशा भाषेत सांगावं लागतं.

२०१६ च्या नियमांनी रसायनानं माखलेलं रिकामं पिंपही घातक कचऱ्यात धरलं. घातक कचऱ्यावर पिवळी चिठ्ठी हवी आणि तिच्यावर ‘घातक कचरा’, ‘जपून हाताळा’ हे शब्द लाल अक्षरांत, हिंदी-इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही हवेत, असा दंडक आहे. त्याच वर्षी २६ मे रोजी डोंबिवलीत स्फोट होऊन बारा माणसं दगावली. २३ मे २०२४ ला पुन्हा स्फोट झाला, पुन्हा माणसं गेली. नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या अधिनियमाची जागा नव्या संहितेनं घेतली आहे.

मामू अखेरची वर्षं खोकत गेले. कशानं, ते कुणाला सांगता आलं नाही, कारण त्यांच्या प्रकृतीची नोंद कुठंच नव्हती. मी आयुष्यभर शब्दांचा धंदा केला. पण माझ्या घरात एका माणसाला गरज होती ती त्या चिठ्ठीवरच्या दोन मराठी शब्दांची. आज एखाद्या शेडमध्ये कुणी पिंप उलटं करत असेल, तर त्याला हातमोजे देताना ती चिठ्ठीही वाचून दाखवा. आणि अर्थ सांगितल्याशिवाय उठू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)