जिकरी चिठ्ठी : नकारानंतरचा पत्ता

इंदूरच्या राजवाड्याजवळचा सराफा आज रात्रीच्या खाऊगल्लीसाठी प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात त्याची ख्याती सराफांच्या पेढ्यांची होती. १८१८ च्या मंदसोर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जाई आणि तिचा पैसा हुंड्यांच्या वाटेने माळव्यात परते.

हुंडी म्हणजे अमुक रक्कम द्यावी असे दुसऱ्या गावच्या सराफाला लिहिलेला कागद. दर्शनी हुंडी दाखवताच पटवायची, मुदतीची ठरल्या दिवशी. शहाजोग हुंडीचे पैसे मात्र बाजारात पत असलेल्या शहालाच मिळत, त्यामुळे वाटेत कुणी ती लांबवली तरी तिचे पैसे करणे सोपे नसे. हुंडी हरवली तर तिची नक्कल म्हणून पेठ लिहून देत. तीही हरवली तर परपेठ.

पण ज्याच्यावर हुंडी लिहिली त्याने ती नाकारली तर? परक्या शहरात, हातात नुसता कागद घेऊन उभ्या असलेल्या माणसाने कुठे जायचे?

याचे उत्तर जिकरी चिठ्ठीत होते. हुंडी लिहिणारा किंवा ती पुढे विकणारा सराफ त्या परक्या शहरातल्याच दुसऱ्या भरवशाच्या पेढीच्या नावे पत्र देई : अमक्याने हुंडी नाकारली, तर आमच्या पतीखातर तुम्ही पटवावी. धारक नाकारलेली हुंडी घेऊन त्या पेढीवर जाई. तिथे पैसे मिळाले की हुंडी देणाऱ्याची अब्रू वाचे आणि घेणाऱ्याचा खोळंबा टळे. तिथेही नकार मिळाला, तर हुंडी माघारी फिरे आणि नकराई-सकराई म्हणून भरपाई मागता येई. नकार मिळाला तरी व्यवहार अधांतरी राहत नसे, हे या पद्धतीचे खरे मोठेपण.

युरोपच्या व्यापारातही अशीच तजवीज होती. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्यानुसार, गरज पडल्यास पैसे देणाऱ्याचे नाव हुंडणावळीच्या बिलावरच लिहिलेले असेल, तर त्यानेही नाकारल्याशिवाय ते बिल नाकारले गेले असे धरत नाहीत. देशी भाषांतल्या हुंड्यांचे स्थानिक रिवाज त्याच कायद्याने अबाधित ठेवले.

संगणकांच्या जाळ्यात हाच पेच पुन्हा उभा राहिला. दोन संगणकांमधल्या मध्यस्थासाठी १९९६ मध्ये ‘सॉक्स’ नियमावलीची पाचवी आवृत्ती निघाली. न पेलणाऱ्या प्रकारची मागणी आली तर मध्यस्थाने कारण सांगणारा ठरावीक आकडा उत्तरादाखल पाठवावा, असे तिने ठरवले. त्यानंतर दुसऱ्या कोणत्या वाटेने जायचे, हे मात्र ती सांगत नाही. ते प्रोग्राम लिहिणाऱ्याने आधीच योजून ठेवायचे असते. सराफ्यातली चिठ्ठीही तशीच, आधीपासून हुंडीबरोबरच निघे.